गांधारीचं शेवटचं प्रकरण

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार.

गांधारीच्या नव्या पुस्तकाचं मी वाचून भरलेलं पहिलं मेमरी कार्ड सोबत आहे. सूनबाईला सांग, ऐकायच्या खोक्यात घालताना सोनेरी बाजू खाली. मागच्या खेपेला तिने उलटं घातलं आणि तू फोन करून ओरडलीस, "अरे, तुझा कर्ण मुका झालाय!" फोनवर आपण दोघंही नुसते ओरडतो आणि कामाचं काही बोलत नाही. पत्रच बरं.

कर्णावरून आठवलं. तुझ्या वाचन मंडळाला तो एवढा का आवडला, मला अजून उमगलेलं नाही. हल्लीच्या कर्णाच्या पुस्तकांत पहिल्या पानावर रुमाल काढायचा आणि शेवटच्या पानावर पिळायचा. मूळचा कर्ण गप्प बसतो ग, रडतो तो वाचणारा. आणि त्याआधीच्या पुस्तकातला तो शकुनी! फासे खुळखुळवत विचारतो, "दुर्योधना, तुझ्या मनात खोलवर नेमकं काय आहे?" जसा काही दवाखाना उघडून बसलाय. त्या कार्डात तुला माझा खोकला ऐकू आला असेल. तो संताप होता.

तरी तुला शब्द दिलाय. "मतं पत्रात लिही, कार्डात मला पुस्तक हवं, अक्षरन् अक्षर," असं तू बजावलं होतंस. तुझ्या डोळ्यांचं काम माझ्याकडे आलंय, आणि डोळ्यांनी मधे बोलायचं नसतं, एवढं मला कळतं.

आयुष्यभर बसस्टँडवर गाड्या पुकारल्या. माझा आवाज ऐकायला कुणी थांबलं नाही, जो तो आपल्या गावाचं नाव कानावर पडलं की पिशवी उचलून धावत सुटायचा. आता कुठे एक बसून ऐकणारी मिळाली आहे. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात डोक्यावरून ब्लँकेट घेऊन वाचतो. परवा शेजारी डोकावून म्हणाला, "काका, थंडी वाजून ताप आलाय का?"

वाचताना सारखी आपली शाळा आठवते. एकाच खोलीत दोन इयत्ता, गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरायचे, खडूची पूड उडायची, आणि त्या पांढऱ्या धुक्यातून पुढच्या बाकावरचा तुझा आवाज यायचा. मी मागून तुझी ओळ तशीच्या तशी म्हणायचो. काय ते दिवस होते, ताई. कवितेचा अर्थ कळायच्या आधी ती पाठ व्हायची.

तुझा,
पोपट

१७ नोव्हेंबर

पोपटा,

आशीर्वाद आहेतच. त्यातला एक गुडघ्यांसाठी वेगळा काढून ठेव.

मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे, नेहमीसारखं. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून येते बिचारी, म्हणून रविवारची वाट पाहिली.

कार्ड दोनदा ऐकलं. लिहिणारी बाई जाणती आहे. गांधारी सासरी येते तेव्हा आधी तिला दारांच्या लाकडाचा वास येतो, मग माणसांची पावलं, मग आवाज. हे डोळसाला कसं सुचलं रे? माझं आता तसंच झालंय. परवा कोटाच्या बाहीचं रफू केलं, सगळं बोटांनी. सुईचं भोक दिसत नाही, पण सापडतं.

(सुई मी ओवून दिली होती. आईंनी धागा ओला केला. आणि तो कोट गिऱ्हाइकाचा नव्हता, आमच्याच घरातला होता. – सूनबाई)

मंडळात गुरुवारी जुंपली. हेडबाई म्हणाल्या, गांधारीने पट्टी बांधली हा शुद्ध वेडेपणा. घरात एकाला दिसत नाही म्हटल्यावर दुसऱ्याने डोळे चांगले टक्क उघडे ठेवायचे, पोरं हाताबाहेर गेली नसती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण घंटा अजून त्यांच्याच हातात आहे. मी म्हटलं, बाई, तिने एकदा शब्द दिला, तो पाळला. शंभर मुलांच्या आईला शिकवायला आपण कोण? ग्रंथपाल म्हणाला, "मुळात काय आहे ते बघू या." मी म्हटलं, मूळ म्हणजे ज्याने आपल्याला पहिल्यांदा गोष्ट सांगितली ते. बाकी सगळं पाठभेद.

पुढची कार्डं लवकर पाठव. मंडळाचं पुस्तक मोठ्या अक्षरांत नाही, त्यामुळे माझी सगळी भिस्त तुझ्यावर.

ताई

(यापुढचं आईंनी सांगितलेलं नाही. मामा, त्यांचा उजवा डोळा गेलेलाच आहे. डाव्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, नव्या वर्षाच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया करून घ्या, वाचण्याइतपत दिसू लागेल. लांबवलं तर डोळ्याच्या आत दाब वाढेल, आणि मग काहीही केलं तरी उपयोग नाही. आईंचं एकच, "उरलासुरला एक डोळा कुणाच्या हाती देऊ?" तुमचं ऐकतात. दोन शब्द लिहा.)

२९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

वाकलो आहे असं समज.

सूनबाईने चहाडी केली, तिला रागावू नकोस. डोळ्याचं काम करून घे. माझ्या शेजाऱ्याने केलं आणि त्याच आठवड्यात पत्त्यांत मला हरवलं. आधी तो माझी पानं बघूनही हरायचा.

बाकी तुझ्या डोळ्याबद्दल तुला मी काय सांगणार? जन्मभर ज्या डोळ्यांनी तू फाटलेलं सांधलंस, त्यांचं बरंवाईट तुलाच कळणार.

हेडबाईंशी तू भांडलीस ते फार आवडलं. पट्टी बांधलेली गांधारी आपल्याला लहानपणी मिळाली. तिच्याकडे बघून नव्हे, तिच्यापुढे मान खाली घालून आपण मोठे झालो. या नव्या लोकांना गाठ दिसली की सोडायची घाई. अरे, काही गाठी शोभेसाठी नसतात.

शेवटचं कार्ड सोबत आहे. शेवटचं प्रकरण फार पाल्हाळ लावणारं होतं, शिवाय माझा घसा बसला होता, म्हणून तिथे जरा आटोपशीर झालंय. अगदी अखेरीस चार ओळींची एक कविता आहे. ती मात्र मन लावून ऐक. कशी वाटली ते सविस्तर कळव.

तुझा,
पोपट

१४ डिसेंबर

पोपटा,

अरे, काय शेवट आहे! मी खोकं बंद करून किती वेळ तशीच बसून होते. सूनबाईने दिवा लावला तोही मला कळला नाही.

(दिवा लावलेला हल्ली त्यांना कळतच नाही, मामा.)

त्या चार ओळी मला पहिल्या ऐकण्यातच पाठ झाल्या. शाळेनंतर असं कधी झालं नव्हतं. बघ, एक अक्षर चुकतं का:

पट्टी बांधुन निघे वनाला,
वाट तियेला झाली माय;
ज्यांना दिसते, पुसा तयांना
पाहुनि त्यांना दिसले काय!

आहे ना बरोबर? या लेखिकेने अख्खं पुस्तक गद्यात लिहून शेवटी हे कुठून काढलं? हल्लीच्या कुणाला अशी चाल जमत नाही. वाटतं, आपल्याच शाळेत शिकलेली असावी. सकाळी उठले की ओठांवर पहिली ही ओळ येते. वाट तियेला झाली माय.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं मला. जानेवारीतली तारीख पुढे केली. मी म्हटलं, बाई, आधी हे ऐका, आणि चारही ओळी म्हणून दाखवल्या. ज्यांना दिसते, पुसा तयांना! त्या गप्पच झाल्या. खोलीतल्या बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्तरी उलटली, पाहायचं ते पाहून झालं. नवरा पाहिला, त्याचं जाणं पाहिलं, पोराचा संसार पाहिला. आता वाटच माय. त्यांनी तारीख मोडलेली नाही, पेन्सिलने ठेवली आहे म्हणे. राहू दे.

हेडबाई दोन गुरुवार आल्या नव्हत्या. त्या आल्या की त्यांनाही ऐकवते.

ताई

(टाळ्या एकाच माणसाने वाजवल्या आणि त्याला ऐकू कमी येतं. डॉक्टरीणबाई गप्प झाल्या कारण त्या चिडल्या होत्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हे कोण शिकवतंय त्यांना?" मामा, पुस्तकात खरंच असं आहे का?)

२० डिसेंबर

चि. सूनबाई,

तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितो आहे. घरी नेऊ नकोस.

पुस्तकात असं नाही.

शेवटच्या प्रकरणात गांधारी पट्टी सोडते. कुणी सांगत नाही, शाप नाही, वर नाही. म्हातारी झालेली, वनात, एका सकाळी आपली आपण गाठ सोडते. वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, ही कोण कालची बाई, आमच्या गांधारीची पट्टी सोडणारी? माझ्या तोंडून हे ताईच्या कानात जाणार नाही. ते प्रकरण मी वगळलं. पण पुस्तक अधांतरी संपेना, म्हणून तिला पट्टीसकट वनात पाठवणारी पाचसात वाक्यं जुळवली आणि त्या चार ओळी केल्या. दुपारभर बोटांवर मात्रा मोजत बसलो होतो. किती वर्षांनी बसलो असेन!

लहानपणापासून एक वेडी हौस होती. आपण रचलेलं कुणीतरी पाठ म्हणावं. मासिकांकडे पाठवलेलं सगळं परत यायचं, पुढे पुढे तेही येईनासं झालं. आणि आता ताई, जिच्या मागे मी ओळी म्हणायचो, ती माझी ओळ म्हणते आहे, आणि म्हणते हल्लीच्या कुणाला अशी चाल जमत नाही. तिचं पत्र मी उशाशी ठेवलंय. तिने ती ओळ डॉक्टरांच्या तोंडावर मारली हे त्याच पत्रात आहे, हेही मला दिसतं.

मीच सांगेन. मला थोडा अवधी दे. ते प्रकरण नीट वाचून नवं कार्ड करतो आणि सोबत सविस्तर लिहितो. तोवर तू काही बोलू नकोस. बहिणीपुढे भावाचं हसं झालेलं तुला बरं वाटणार नाही.

मामा

२७ डिसेंबर

ती. मामांना नमस्कार.

काउंटरवर गर्दी नसताना तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

मी मालिका बघणारी बाई. तिकडे एक बाण सुटला की लागेपर्यंत तीन जाहिराती होतात आणि आम्ही तोवर भांडी घासून घेतो. त्यामुळे मूळ काय नि नवं काय यात मला गती नाही. पण एवढं कळतं की नव्या लेखकांनी मूळ बदललं म्हणून तुम्ही पानं भरभरून चिडता, आणि तुम्ही त्यांचंच पुस्तक बदललंत. त्या बाईने निदान आपलं नाव घालून बदललंय.

हसं होण्याचं म्हणाल तर होऊ दे ना, मामा. आई हसतील, चार शिव्या देतील, मग त्याच ओळी "माझ्या भावाच्या" म्हणून शेजारणींना ऐकवतील. मी ओळखते त्यांना.

पुस्तकाने त्यांचं ठरलंय असं मी म्हणत नाही. त्या आधीपासून घाबरलेल्या आहेत. पण आधी घाबरल्या की रडायच्या, चिडायच्या, तेव्हा समजूत घालता यायची. आता नुसत्या ओळ म्हणतात. तुमचा भाचा रोज विषय काढतो, रोज ती ओळ ऐकून गप्प बसतो.

तारीख दहा जानेवारी आहे. पेन्सिलने. त्याआधी तुम्ही सांगा. मी सांगितलं तर सुनेने भावाबहिणीत काडी घातली असं होईल, आणि त्या माझं ऐकणारही नाहीत. कार्ड राहू दे, फोन करा. ओरडावं लागलं तर ओरडून सांगा.

सूनबाई

५ जानेवारी

प्रिय ताई,

नवं वर्ष सुखाचं जावो.

बरेच दिवस लिहायचं होतं. फोनही लावला होता, पण तू "काय? काय?" करत राहिलीस आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

तुला त्या ओळी आवडल्या याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. तू चालीत म्हणतेस की संथ? 'तियेला' हा शब्द जुना वाटला का? मला विचारशील तर तिसरी ओळ जास्त चांगली उतरली आहे. असो.

विषय वेगळाच होता. परवा इथल्या एकाशी बोलताना कळलं की या पुस्तकाच्या दुसऱ्या एका आवृत्तीत शेवट थोडा निराळा आहे म्हणे. त्यात गांधारी पट्टी सोडते की काय असं काहीतरी. या लोकांचा काही नेम नाही, एकेक आवृत्तीला एकेक मत. मी ती आवृत्ती मिळवण्याच्या खटपटीत आहे. मिळाली की कार्ड करून पाठवतो. दोन्ही ऐक आणि मग काय ते ठरव.

आणि डोळ्याचं म्हणशील तर मला वाटतं करून घ्यावंस. कवितेतलं कवितेत. कवी काय, लिहून मोकळा होतो.

गळ्याला मफलर बांधत जा.

तुझा,
पोपट

१९ जानेवारी

पोपटा,

आज मन ठिकाणावर नाही, म्हणून आशीर्वाद शेवटी.

मंडळ सोडलं मी. कायमचं.

गुरुवारी हेडबाई आल्या होत्या. मी त्या चार ओळी म्हटल्या. त्या म्हणाल्या, "हे कशातलं?" मी म्हटलं, कशातलं म्हणजे? आपल्याच पुस्तकातलं, शेवटच्या पानावरचं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, शेवटी ती पट्टी सोडते. माझ्या हातात आहे पुस्तक, वाचू का?" मी म्हटलं, ती दुसरी आवृत्ती असेल. तर ग्रंथपाल म्हणतो, एकच आवृत्ती निघाली आहे, सगळ्यांकडे तीच. मग हेडबाई म्हणाल्या, "तुमच्या भावाने काहीतरी घोळ केला असेल."

माझा तोल सुटला. म्हटलं, माझा भाऊ एक अक्षर गाळणारा नाही. त्याने मला शब्द दिलाय. तुम्ही सगळे डोळस मिळून एका आंधळीची थट्टा करता, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? आणि निघून आले. जिन्यात एक पायरी चुकली, पण पडले नाही.

घरी सूनबाईही म्हणते, "आई, पुस्तकात वेगळं आहे, मामांना विचारा." तीही त्यांच्यातलीच. तुला विचारायचं काय त्यात? तू सांगितलंस तेच खरं. दोन आवृत्त्या आहेत, बस्स.

दहा तारखेला गेले नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, मी खोकं मोठ्याने लावून ठेवलं.

आशीर्वाद.
ताई

(हे लिहिताना माझा हात थांबला होता. आई विचारत होत्या, "झालं का लिहून?" मामा, मी आता काय करू तुम्हीच सांगा.)

३० जानेवारी

प्रिय ताई,

कार्ड पाठवतो आहे. फक्त शेवटचं प्रकरण आहे, अक्षरन् अक्षर. दुसरी आवृत्ती नाही. कधीच नव्हती. हेडबाई खरं बोलल्या.

आधी ऐक. मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव. पण त्याआधी दवाखान्यात जा.

पोपट

८ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र आणि कार्ड मिळालं तेव्हा आई दवाखान्यात होत्या.

आदल्या सकाळी डोळा एकदम दुखायला लागला. लालभडक झाला, कपाळ ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. दाब वाढला होता, डॉक्टरीणबाई सांगत होत्या तसाच. त्यांनी त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. एका शब्दाने बोलल्या नाहीत आम्हाला, त्याचंच जास्त लागलं. मोतीबिंदू निघाला, दुखणं थांबलं, पण मागची नस गेली. आता उजेड आणि अंधार एवढं कळतं. खिडकी कुठे आहे ते सांगतात. खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

घरी आणल्यावर पत्र वाचून दाखवलं आणि कार्ड लावलं. मला वाटलं होतं थांबवायला सांगतील. नाही सांगितलं. गांधारी गाठ सोडते तिथे तुमचा आवाज फार हळू झालाय. आधी सगळं धुरकट दिसतं, मग तिला दोन म्हातारे हात दिसतात, ती विचारते हे कुणाचे, आणि ते तिचेच असतात. मग ती म्हणते, "मी याला त्याग म्हणत आले. तो राग होता. आणि मला कुणी सोड म्हणालं नाही, कारण पट्टी सगळ्यांनाच शोभून दिसत होती." तिथे आईंनी हात वर केला, मी खोकं थांबवलं. म्हणाल्या, "हे छापलेलं आहे?" म्हटलं, हो. "आणि त्या चार ओळी?" म्हटलं, त्या मामांच्या.

पुढचं लाव म्हणाल्या. सगळं संपल्यावर खोक्याची वायर चाचपडत गेल्या आणि आपल्या हाताने काढून ठेवली.

मामा, मी तुम्हाला दोष द्यायला बसले नाही. मीही गप्प राहिले. सुनेने मधे पडू नये, हे मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं. त्यांना हाताला धरून न्यायला हवं होतं, मग म्हणू देत काय म्हणायचं ते. तुमचा भाचा तुमचं नाव निघालं की उठून जातो. तो निवळेपर्यंत येऊ नका.

सूनबाई

१२ मार्च

पोपटा,

कार्डानंतरची तुझी तिन्ही पत्रं आली. वाचून घेतली.

क्षमा मागू नकोस, त्याने माझी आणखी दमणूक होते. तू म्हणतोस, सगळं तुझ्यामुळे झालं. एवढा मोठा वाटा तुला कोण देतंय? मला भीती वाटत होती रे. टेबलावर झोपायची, डोळ्यात सुरी यायची, उठल्यावर काळोखच असला तर काय, याची. भीती माझी होती. तू तिला चाल लावून दिलीस. नुसती भीती किती दिवस टिकली असती? कुणीतरी रागावलं असतं, ओढत नेलं असतं. पण चालीत म्हणायला लागल्यावर तीच मोठेपणासारखी वाटायला लागली.

राग कशाचा आला सांगू? मी आयुष्यभर रफू केलं. दुसऱ्याचं रफू बोट फिरवून ओळखायचे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढला असेल, तर मात्र भल्याभल्यांना कळत नाही. तू धागा आपल्या शाळेतून काढलास. मला तिथे बोट फिरवावंसंच वाटलं नाही.

ओळी चांगल्या आहेत. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही. चांगल्या नसत्या तर बरं झालं असतं.

परवा मी मंडळात गेले. सूनबाईने जिना चढवला. हेडबाईंना म्हटलं, बाई, तुम्ही बरोबर होता, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण झालं काय होतं?" सगळे ऐकत असणार. मी म्हटलं, कार्ड खराब निघालं. शेवटचा भाग उमटलाच नव्हता, आणि मला आपलं कुठलंतरी जुनं शाळेतलं कडवं त्या जागी आठवत राहिलं. वय झालं.

सूनबाईने माझा हात दाबला. म्हणजे बघ, तुझं नाव राखायला मीही खरं तेवढं गाळलं. आपल्या घराण्याची सवयच दिसते. हेडबाईंना पटलं की नाही कोण जाणे. तोंड दिसत नसलं की हा एक त्रास. पण त्यांनी आपली खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली, तिचा आवाज आला.

पुढचं पुस्तक मंदोदरीचं आहे. हेडबाईंचं मत आतापासून वाईट आहे, माझं अजून काही नाही. सूनबाईने घरी वाचायला सुरुवात केली आहे, दुकानातून आल्यावर, जेवणाआधी. तिचं वाचन कोरडं. स्वल्पविरामाला अडखळते, औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं युद्ध वाचते. "आई, हे मला पटलं नाही, पण लिहिलंय असं," म्हणते आणि लिहिलेलं वाचते.

तुझा भाचा थोडा निवळलाय. परवा स्वतःहून विचारलं, मामाचं पत्र आलं का. तेव्हा आता ये. संध्याकाळी आलास तर वाचन चालू असेल. बस आमच्यात, चहा घे, तुझी मतं नंतर सांग, सगळी सांग. ऐकायला ये.

वाचायला नको.

ताई